उजव्या चाकाची डिस्क

२४ फेब्रुवारी २००३, सोमवार

सत्तावीस वर्षं इन्स्पेक्शनच्या रजिस्टरात दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारले. कारखाना बंद पडला, स्वेच्छानिवृत्तीचा चेक घेऊन घरी बसलो (स्वेच्छा कोणाची ते विचारू नये), त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. तरी दुपारचे चार वाजले की हात पेन शोधतो. शेरे मारायला माल येत नाही. नलिनीच्या आमटीवर मारले तर ती पातेलं उचलून आत नेते. म्हणून ही वही.

आज दीनानाथ आला होता. आमच्या गोरव्याच्या कारखान्यातला पहिल्या नंबरचा टर्नर. लेथवर तसा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि मी पुष्कळ हात पाहिले आहेत. बाकीच्यांनी निवृत्तीचे पैसे पतपेढीत बुडवले, याने सेकंडहँड पिकअप घेतली आणि छप्पन्नाव्या वर्षी ड्रायव्हर झाला. आता त्याला पावागडच्या देवीच्या डोंगरावरचं काम मिळालंय. अर्ध्या चढावर माचीपर्यंत गाडी जाते, तिथल्या दुकानांना नारळ, चुनऱ्या आणि थंड बाटल्यांचे क्रेट पोचवायचे. पाडव्यापासून चैत्री नवरात्राचा मेळा, म्हणजे रोज फेरी.

"वर चढायचं काही नाही, इंजिन दमदार आहे," तो म्हणाला. "उतरताना लोचा होतो, संपतराव. ब्रेक मारला की गाडी थरथरते. पेडल पायाला लाथा घालतं. डिस्क नि पॅड दोन्ही गेलेत. बाजारात शंभर जातीचा माल पडलाय. तुम्ही निवडून द्या."

"तुला काय कळत नाही? जन्म लोखंडात गेला तुझा."

"कळतं हो. पण माझा मलाच भरवसा नाही. तुमच्या नजरेखालून गेलं की मी निर्धास्त."

बरं वाटलं. का खोटं लिहू? पावणेदोन वर्षांत कोणी माझ्याकडे काही तपासायला आणलेलं नव्हतं.

आणि हे म्हणणारा दीनानाथ. ब्याण्णव साली मी त्याचे चाळीस शाफ्ट नापास केले होते. पॉइंट झिरो टू मिलिमीटर कमी भरले. त्याला चार्जशीट मिळाली, तीन महिने घरी बसवलं, टर्नरांच्या वरची चार्जहँडची जागा मिळणार होती, ती गेली. तो त्या वर्षी युनियनच्या सेक्रेटरीपदाला उभा होता, तेही राहिलं. पण माणसाने मनात काही ठेवलं नाही. परत आला त्या दिवशी बसमध्ये माझ्याच शेजारी बसला. म्हणाला, माप म्हणजे माप, संपतराव. तुम्ही सख्ख्या भावालाही सोडलं नसतं.

असा माणूस मिळत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोघे बाजारात. आधी कंपनीच्या अधिकृत डीलरकडे. काचेचं दार, थंडगार हवा, टाय लावलेला पोरगेलासा मॅनेजर. पॅड आहेत, डिस्क नाहीत; ऑर्डर दिल्यावर "सात-आठ आठवडे, सर". म्हणजे मेळा संपल्यावर. सगळा देश म्हणे जगाशी जोडला गेलाय, आणि आमच्या गोत्रीच्या घराहून सहा किलोमीटरवर एक लोखंडी थाळी मिळत नाही.

मग लहरीपुऱ्याच्या आतल्या गल्लीत नवनीतभाईच्या दुकानात. त्याने एका आकाराची चार खोकी काढली. चारहींवर चार नावं, चारहींवर चमचमणारी होलोग्रामची चिकटपट्टी. आजकाल खोट्याला होलोग्राम आधी लागतो.

"साहेब, आ लई जाव," नवनीतभाई म्हणाला. "कंपनीनोज माल छे, खाली डब्बो बीजो."

म्हणजे माल कंपनीचाच, फक्त डबा दुसरा. मी म्हटलं, डबा गाडीला लावायचा नाही, आतलं दाखव. पॅड पाहिले. एकाचं अस्तर मागच्या लोखंडी पट्टीपासून नखाने सुटत होतं. दुसरं नाण्याने ओरखडलं तर भुकटी पडली. डिस्क हातात घेतल्या. एक जोडी जरा हलकी वाटली, म्हणून समोरच्या वाण्याच्या काट्यावर दोन्ही टाकल्या. एकाच जोडीतल्या दोन डिस्कमध्ये तीनशे ग्रॅमचा फरक! वाणी म्हणाला, काका, गूळ घ्या, आमचं वजन बरोबर असतं. दुसऱ्या जोडीची जाडी बरोबर बावीस मिलिमीटर भरली, पण कडेला ओतकामातलं एक छिद्र होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं.

"ए तो बारनी बाजु छे, साहेब. कांई ना थाय."

बाहेरची बाजू, काही होत नाही म्हणे. "नापास," मी म्हटलं.

नवनीतभाईने खोकी परत फळीवर चढवताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मुलीचं स्थळ मोडलंय. पण मन कसं हलकं झालं. नापास म्हणायला छातीत वेगळीच हवा लागते.

१ मार्च, शनिवार. महाशिवरात्र

गोरव्याला दीनानाथच्या घरी. अंगणात पिकअप जॅकवर चढवून पुढची चाकं काढली. त्याच्या बायकोने, जिजाबाईंनी, शेंगदाण्याचे लाडू आणि दूध दिलं, आणि चाकाकडे बघून विचारलं, "भाऊजी, यात ब्रेक कुठला?" त्यांना समजावलं. ही चाकाबरोबर फिरते ती डिस्क. हे दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात. घासून डिस्क झिजते. नवी बावीस मिलिमीटर. कडेवर कंपनीनेच कोरलंय, कमीत कमी वीस. त्याच्या खाली गेली की पातळ पडते, लवकर तापते, वाकते, तडकते.

"मग वीसच्या खाली नको हं," जिजाबाई म्हणाल्या. "मी पाडव्याला यांच्याबरोबर वर दर्शनाला जाणार आहे."

माझा मायक्रोमीटर काढला. डाव्या बाजूची एकवीस पॉइंट दोन. उजवीची एकवीस, पण तिच्यावर पॅडच्या रिव्हेटने पाडलेल्या खोल रेघा.

दीनानाथचा डोळा लगेच चमकला. "संपतराव, नव्या कशाला? विश्रामच्या शेडमध्ये लेथ आहे. मी दोन्ही साफ करून घेतो. पातळ पापुद्रा काढायचा. वीसच्या वर राहतील."

खरं तर कल्पना वाईट नाही. लोक करतात. मी म्हटलं, पॅड मात्र डीलरकडचे ओरिजिनलच घ्यायचे, त्यात तडजोड नाही.

एक गोष्ट बघून वाईट वाटलं. जुनी डिस्क त्याने स्वतःही मोजली, त्याच्या मायक्रोमीटरने. तीनदा. मग पुन्हा पुसून चौथ्यांदा. पूर्वी तो एकदा मोजायचा आणि माप हवेत सांगून पुढच्या जॉबला लागायचा. ब्याण्णवनंतर ही सवय लागली. त्यापायी त्याचा इन्सेंटिव्ह बुडायचा, कारण इतरांचे दहा जॉब होत तिथे याचे सात. मी त्याला एकदोनदा म्हटलंही होतं, इतकं कशाला? तर म्हणाला, एकदा चुकलेला हात आहे.

६ मार्च, गुरुवार

नलिनीने आज जेवताना उगाच जुनं काढलं. मीच तिला गंमत म्हणून डिव्हिएशनचं सांगत होतो. माप चुकलेला माल, डिस्पॅचची घाई, मग एक चिठ्ठी बनायची: "या खेपेपुरता स्वीकारावा." साहेबांची सही, खाली माझी. माल पास. असा आठवड्याला दोनदा तरी जायचा. आमच्या कारखान्याचे पंपसुद्धा गेले तसे, आणि चालले. त्याचं काय.

"मग दीनानाथभाऊंना का नाही दिली तसली चिठ्ठी?"

"तो वेगळा जॉब होता."

"वेगळा म्हणजे?"

बायकांना कारखान्यातलं कळत नाही आणि कळून घ्यायचं तर असतंच. मी म्हटलं, त्या शाफ्टच्या गिऱ्हाइकाचं माप कडक होतं. साहेबांनी स्वतः केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, संपतराव, या लॉटकडे नीट बघा. बस. तेवढंच सांगितलं होतं. मी नीट बघितलं.

तिने माझ्या ताटात भात वाढला आणि गप्प झाली. ही बाई गप्प झाली की जास्त बोलते.

१४ मार्च, शुक्रवार

आज डिस्क झाल्या.

विश्राम आमच्याच कारखान्यातला, लिलावात जुना लेथ उचलून त्याने पत्र्याच्या शेडमध्ये लावलाय. सुट्या कामांवर जगतो. त्याने लेथ दीनानाथच्या ताब्यात दिला आणि स्वतः चहा सांगायला गेला. दीनानाथने शर्टाच्या बाह्या वर केल्या, जॉब पकडणाऱ्या चकवर हात ठेवला, आणि मला एकदम तो तिशीतला दिसला. कारखान्यात तो चालू लेथवर कान टेकवल्यासारखा उभा राहायचा, आवाजावरून सांगायचा टूल गेलंय की नाही. आजही तसाच उभा.

डावी डिस्क पहिल्या दोन कटांत साफ. मी मोजली, वीस पॉइंट सात. उत्तम.

उजवी छळायला लागली. एक कट घेतला, रेघ राहिली. दुसरा, रेघ राहिली. मागच्या बाजूला तर आणखी खोल. दीनानाथ थांबला, म्हणाला, वीस पॉइंट दोनवर आलोय, रेघ अजून नखाला लागते. ठेवावी की जावं? मी म्हटलं, रेघ ठेवलीस तर नवे पॅड खाईल. आता वाटतं, मी तसं म्हणायला नको होतं. त्याने हळूहळू आणखी घेतलं, दोन्ही बाजूंनी. डिस्क आरशासारखी झाली. लेथ बंद केला. त्याने मोजली, एकदा, पुन्हा, पुन्हा. काही बोलला नाही. डिस्क माझ्या हातात दिली आणि फडक्याला हात पुसत उभा राहिला. कारखान्यातली रीतच ती. ज्याने जॉब केला त्याने माप बोलायचं नाही, इन्स्पेक्टर बोलेल.

मी मोजली. एकोणीस पॉइंट तीन.

दुसऱ्या जागी मोजली. एकोणीस पॉइंट तीन.

वर बघितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. ब्याण्णव साली असाच उभा होता, टोपी हातात घेऊन, आणि मी रजिस्टरातून मान वर न करता एकच शब्द बोललो होतो. आता पुन्हा तोच शब्द? मेळा अडीच आठवड्यांवर, नव्या डिस्क नाहीत, बाजारातल्या मीच नापास करून बसलेलो. एकदा तरी या माणसाला चांगलं काही बोलावं.

"वीस पॉइंट एक," मी म्हटलं. "पास."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. "नक्की?"

"मी कधी चुकलोय?"

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही नाही." मग हसला. विश्राम चहा घेऊन आला तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, बघ, साहेबांनी पास केलं माझं काम.

१५ मार्च, शनिवार

झोप नीट लागली नाही, पण ते उन्हाळ्यामुळे.

वीस हा आकडा कंपनी स्वतःला वाचवायला कोरते. त्यात वीस टक्के तरी सवलत धरलेली असते. पॉइंट सात म्हणजे काय? पोस्टकार्डाच्या दोन-तीन घड्या. आणि पॅड ओरिजिनल आहेत. दीनानाथ सांभाळून चालवतो. याला डिव्हिएशन म्हणायचं, चिठ्ठी फक्त कागदावर नाही.

१८ मार्च, मंगळवार. धुळवड

दीनानाथ आणि जिजाबाई रंग लावायला आले. गाडी बसवून झाली. मी सांगितलं होतं तसं त्याने नव्या पॅडना वळण लावलं: मोकळ्या रस्त्यावर तीस वेळा हलका ब्रेक, मध्ये गार होऊ द्यायचं. "थरथर गेली," तो म्हणाला. "पेडल लोण्यासारखं." नलिनीला म्हणाला, "वहिनी, यांच्या हाताखालून गेलेलं काम. बघायला नको."

जिजाबाईंनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. मला एकदम आत जाऊन तोंड धुवावंसं वाटलं आणि मी धुतलंही. नलिनी म्हणाली, शेजारच्यांना काय वाटलं असेल. वाटू दे.

सांगून टाकावं का? सांगितलं तर विचारेल, खोटं का बोललात. मग काय सांगू? दया आली? टर्नरला दया म्हणजे शिवी.

२४ मार्च, सोमवार

काल वर्ल्ड कपची फायनल हरलो. सोसायटीत सुतकच पडलंय. मला फारसं काही वाटलं नाही. समोरच्या बंगल्यातले म्हणाले, संपतराव, तुम्हाला देशाचं काही नाही. मी म्हटलं, मला ब्रेकची काळजी आहे. त्यांना विनोद वाटला.

दुपारी स्कूटर काढून लहरीपुऱ्याला जाऊन आलो. नवनीतभाईकडे ती छिद्रवाली जोडी अजून होती. बावीस जाडीची. मी हातात धरून उभा राहिलो. "आज पास?" त्याने विचारलं. घेतली असती, पण नेऊन दीनानाथला काय सांगायचं? मीच नापास केलेली, आता मीच आणलेली. हात दाखवून अवलक्षण. परत फळीवर ठेवली.

२ एप्रिल, बुधवार. पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड जास्त झालं. आज ती दोघं वर गेली असतील. सकाळपासून तीनदा फोनजवळ गेलो. त्यांच्याकडे फोन नाही, शेजाऱ्यांचा नंबर आहे. त्यांना काय विचारणार, गाडी आली का? का विचारताय म्हणतील.

संध्याकाळी नलिनी म्हणाली, "एवढं काय झालंय तुम्हाला?"

म्हटलं, साखर वाढली असेल.

३ एप्रिल, गुरुवार

विश्राम येऊन सांगून गेला. दोघं सुखरूप आहेत. आधी हे लिहितो.

काल परत येताना, माचीवरून उतरताना तिसऱ्या वळणाच्या आधी पेडल मऊ पडलं. मग थरथर, मग जळका वास. दीनानाथने पहिला गिअर टाकला, हँडब्रेक खेचला, गाडी डोंगराच्या बाजूला कपारीला घासत नेली. मागे रिकामे क्रेट होते ते सगळे रस्त्यावर. जिजाबाईंच्या कपाळाला काचेची कड लागली, चार टाके. दरीच्या बाजूला लहान मुलांना घेऊन चालत उतरणारी माणसं होती. तीन-चार हातांवर.

"उजवी डिस्क तडकलीय," विश्राम म्हणाला. "खाली पायथ्याला, हालोलच्या मेकॅनिकने चाक उघडलं." आणि माझ्याकडे न बघता चप्पल घातली. "काका, त्याने मोजलीसुद्धा."

नलिनी दारातच उभी होती.

आज काही खाल्लं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र मी नापास केलं होतं.

५ एप्रिल, शनिवार

दीनानाथ सकाळी आला. मी स्वतः जायला हवं होतं. दोन दिवस निघतो निघतो म्हणत घरात बसलो. जिजाबाईंचं कसं आहे विचारलं, तो म्हणाला, ठीक आहे, दुखतंय थोडं. नलिनीने पाणी दिलं. ते सगळं पिऊन त्याने भांडं नीट खाली ठेवलं.

मला वाटलं, आता ओरडेल. मी तयारच होतो. माफी मागायचीही तयारी केली होती, वाक्यं जुळवली होती. तो ओरडला नाही.

"एकोणीस पॉइंट तीन होती," तो म्हणाला.

"हो."

"मी पण तेवढीच मोजली होती. तीनदा. मग तुम्ही वीस पॉइंट एक म्हणालात. मी म्हटलं, परत आपलंच चुकलं. डोळे गेले आता, हात तर आधीच गेलेला. तुम्ही बरोबर असणार." तो थांबला. "हालोलचा तो माणूस आकडा बोलला तेव्हा जिजी रक्त पुसत बसली होती, आणि मला भलताच विचार आला. लाज वाटते सांगायला. मला वाटलं, म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

मी त्याचं रिकामं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"संपतराव, ते चाळीस शाफ्टही मी मोजले होते. त्या वेळी एकदाच मोजायचो. सगळे बरोबर भरले होते. तुम्ही कमी म्हणालात. मी म्हटलं, माप म्हणजे माप. अकरा वर्षं मी माझ्या हाताला शिव्या दिल्या. पोरीच्या लग्नात हार घालताना हात थरथरला तर वाटलं, बघा, तेव्हापासूनच होतं हे." त्याने हात पुढे केले नाहीत, मांडीवरच ठेवले. "किती होते ते शाफ्ट? आज खरं सांगा. कारखाना नाही, साहेब नाही, नोकरी नाही. आता कोणाचं काही जात नाही."

या वहीतसुद्धा मी पॉइंट झिरो टू कमी असं लिहिलं आहे. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात, कुलूपबंद कपाटात. मागची पानं उलटून आत्ताच बघितलं.

"बरोबर होते," मी म्हटलं.

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"चाळीसच्या चाळीस?"

"चाळीसच्या चाळीस. एक तर... इतका नेमका होता की मी दोनदा बघितला."

मला वाटलं होतं तो आता तरी हात उगारेल. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि खिडकीतून सोसायटीच्या भिंतीकडे बघत बसला. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा रडका नव्हता. कोणी आजारी माणूस बरा झाल्याचं कळावं तसा होता. मला ते सहन होईना. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोणी सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

आणि खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. हा प्रश्न मला येत होता. मी सगळं सांगितलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. युनियनची निवडणूक आठ दिवसांवर होती. म्हणाले, हा माणूस सेक्रेटरी झाला तर इथे रोज संप. म्हणाले, सीनिअर इन्स्पेक्टरच्या जागेसाठी तुमचंच नाव डोळ्यांसमोर आहे. मी दीनानाथला सांगितलं की माझा नाइलाज होता, पदरात दोन मुलं होती, घराचं कर्ज होतं, तुला माहीत आहे तो काळ कसा होता, किती जणांना घरी बसवत होते. सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मान हलवत होता. समजल्यासारखा.

मग उठला. दाराशी जाऊन चप्पल पायात सरकवली.

"साहेबांनी सांगितलं," तो म्हणाला. "ठीक आहे. आणि परवा, डिस्कच्या वेळी? तेव्हा कोणी सांगितलं होतं?"

त्याने उत्तरासाठी थांबावं असं मला वाटलं आणि थांबू नये असंही वाटलं. तो थांबला. चांगला मिनिटभर थांबला. मग जिना उतरून गेला. चालतच आला होता, गोरव्याहून.

नलिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला सांगावंसं वाटलं की मला त्याची दया आली होती, मला त्याचं भलं करायचं होतं. पण ते खरं नाही. त्याचा चेहरा बघून मला माझीच सुटका हवी होती, आणि ती मी त्याच्या चाकाला बांधून दिली. यात साहेब कुठेच नव्हते. केबिन नव्हती, बंद दार नव्हतं, कसलं आमिष नव्हतं. उघड्या शेडमध्ये, दिवसाउजेडी, कोणी न सांगता मी खोटं बोललो, आणि तेही इतकं सहज की चहा गार झाला नाही.

नलिनी म्हणाली, "जेवायचं का तुम्हाला?"

मी हो म्हटलं.